डोंगर पश्चिमेला, आणि तू जातेस संध्याकाळी

पत्र: "काका, मी सिडकोत राहते, सातपूरच्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. गेल्या दिवाळीत हप्त्यावर कॅमेरा घेतला, त्याच्यासोबत 18-55 लेन्स आली. वर्षभर जमेल तशी फिरले. गंगापूर धरण, सोमेश्वर, पांडवलेणी, अंजनेरी, हरिहर, सगळं झालं. पण घरी येऊन फोटो बघितले की वाटतं, हे तर फोनवरही असेच आले असते. भाऊ म्हणतो, हप्ते फिटले की विकून टाक. मला सुट्टी शनिवारी असते, गाडी म्हणजे स्कूटी. आई एकटीला लांब सोडत नाही. नाशिकच्या आसपासच्या, कुणी फारसं जात नाही अशा दहा जागा सांगाल का? आणि वाइड लेन्स घ्यावी का?"

काका म्हणालीस, तेव्हा अहोजाहो करत नाही.

मूळ फाइली पाठवल्यास ते फार बरं केलंस. फोटोच्या पोटात वेळ नोंदलेली असते. फोटो बघायच्या आधी मी त्या वेळाच बघितल्या. 5:52. 6:20. 6:04. 5:38. अकरापैकी दहा फोटो संध्याकाळचे. अकरावा पांडवलेण्यांचा, दुपारी सव्वाबाराचा. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं, पण बोलणार आहे.

आता जरा डोळ्यांपुढे नकाशा आण. नाशिकचे देखणे डोंगर कुठे आहेत? ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहर, सगळे पश्चिमेला. सह्याद्रीची मुख्य रांग आपल्या मावळतीला आहे. तू कामावरून सुटून, नाहीतर शनिवारी जेवूनखाऊन, आरामात संध्याकाळी पोचतेस. तेव्हा सूर्य डोंगराच्या मागे असतो. कॅमेऱ्याला दिसतं काय, तर भगवं आकाश आणि त्याखाली काळी कातरलेली आकृती. त्या काळ्यात अंजनेरी कुठली आणि शेजारची टेकडी कुठली, हे तुलाही सांगता येणार नाही. असा फोटो फोनवरही येतो. भाऊ खोटं बोलत नाहीये, फक्त त्याचा दोष तो कॅमेऱ्याला लावतोय.

हेच डोंगर पहाटे बघ. सूर्य तुझ्या पाठीशी, उजेड थेट डोंगराच्या तोंडावर. आपले डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेले आहेत, म्हणून तर माथे सपाट आणि अंगावर आडवे पट्टे. हे पट्टे भर दुपारी दिसत नाहीत, संध्याकाळी काळ्यात बुडतात. सकाळच्या तिरप्या उन्हात मात्र एकेक थर मोजून घ्यावा इतका उठून दिसतो.

म्हणून दहा जागा काही सांगत नाही. एक सांगतो, तीही तुला ठाऊक असलेलीच.

गंगापूर गावातून गिरणाऱ्याच्या रस्त्याला लाग. थोडं पुढे गेलं की डावीकडे धरणाचं पाणी दिसायला लागतं. पाण्यापलीकडे, पश्चिमेला जरा नैऋत्येकडे, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी. सध्या नोव्हेंबर आहे, सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. डिसेंबरअखेर तो सात वाजून पाच-सात मिनिटांवर जातो. तू सहा वाजता तिथे हवीस, म्हणजे सिडकोतून सव्वापाचला निघायचं. खोटं वाटेल, पण हिवाळ्यात सूर्य उशिरा उगवतो ही फोटो काढणाऱ्यांवर मोठी मेहेरबानी आहे. मे महिन्यात हेच करायचं तर चारलाच उठावं लागतं.

सहाला पोचलीस की लगेच फोटो काढू नकोस. पश्चिमेच्या क्षितिजाला लागून एक निळा-करडा पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी पट्टा. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. माणसं उगवतीकडे तोंड करून बसतात, त्यामुळे ती बघणारे थोडे. सूर्य वर येईल तशी ती सावली खाली दबत जाते. मग आधी डोंगराचा नुसता माथा तांबूस होतो. खाली पाणी अजून शाईसारखं, झाडं अंधारात, आणि वर एवढीशी लाल कडा. ती लाली डोंगरावरून उतरत खाली येते, याला पाच-सात मिनिटं लागतात. तुझा सगळा फोटो त्या पाच-सात मिनिटांत आहे. नंतर ऊन पांढरं पडतं आणि गिरणाऱ्याला जाऊन चहा प्यायला माणूस मोकळा.

आणखी एक गोष्ट. संध्याकाळी पाण्यावर वारा असतो, पाणी सुरकुतलेलं असतं. थंडीच्या पहाटे वारा पडलेला असतो आणि पाण्यावर वाफ तरंगते. मागच्या वर्षी डिसेंबरात मी तिथे बसलो होतो. थर्माकोलच्या तराफ्यावर एक मासेमारी करणारा दादा वाफेतून बाहेर आला, जाळं ओढलं, परत वाफेत गेला. आवाज फक्त जाळ्यातून निथळणाऱ्या पाण्याचा. माझी बोटं इतकी गारठली होती की बटण दाबलं गेलं की नाही हेही कळेना. घरी येऊन बघितलं तर तीन फोटो होते, त्यातला एक चांगला निघाला. म्हणून सांगतो, हातमोजे घे, पण बोटांची टोकं उघडी राहतील असे. पाण्याची पातळी हंगामाप्रमाणे खालीवर होते, काठाची कोरडी वाटणारी जमीन आत चिखल असते. तिपाईचा एक पाय त्यात गेला की कॅमेरा पाण्यात बघायचा. धरणाच्या भिंतीकडे मात्र फिरकायचं नाही, तिथे मनाई असते आणि ती योग्यच आहे.

याच जागी चार-पाच शनिवार जा. कंटाळा येईल, येऊ दे. डिसेंबरात सूर्य ब्रह्मगिरीच्या अंगाला मावळतो, जूनमध्ये तो पार उजवीकडे सरकलेला असतो. आपल्या अक्षांशावर वर्षभरात उगवतीची जागा पूर्वेच्या दोन्ही बाजूंना सुमारे 25-25 अंश सरकते, म्हणजे डोंगरावर पडणाऱ्या सावल्याही बदलतात. एकदाच जाणाऱ्याला जागा दिसते. पाचव्यांदा जाणाऱ्याला कळतं की तो समोरचा बाभळीचा बुंधा फोटोत घ्यायचा की नाही.

लेन्सबद्दल. वाइड घेऊ नकोस. दुकानदार घ्यायलाच सांगेल. त्या काठावरून अंजनेरी पंधरा-सोळा किलोमीटर लांब आहे. वाइड लेन्सने ती मुंगीएवढी होणार आणि वर-खाली नुसतं आकाश आणि पाणी. तुझ्याकडच्या 18-55 वर 55 ला जा, म्हणजे आकडा जितका मोठा तितका डोंगर जवळ, आणि पैसे घालायचेच असतील तर 55-250 किंवा 70-300 जुनी बघ. त्याने डोंगर जवळ येतात, रांगेमागची रांग एकमेकींना चिकटल्यासारखी दिसते, आणि धुक्याचे थर मध्ये अडकतात. लेन्स जुनी घेताना ती उजेडासमोर धरून आतून बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर हात जोडून परत दे. ती बुरशी. माझी एक चांगली 50 ची लेन्स अशीच गेली. त्र्यंबकला आषाढात दोन दिवस भिजलो, पिशवी तशीच कपाटात ठेवली आणि गणपतीत उघडली. तेव्हापासून कॅमेरा धान्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवतो, आत सिलिका जेलच्या पुड्या. बायकोचा एक डबा कमी झाला, तो विषय अजून संपलेला नाही.

पोलरायझर फिल्टरही, म्हणजे लेन्सपुढे लावायची चमक कमी करणारी काच, कुणीतरी गळ्यात मारेल. सूर्य पाठीशी असताना आकाश गडद करायला त्याचा काही उपयोग नाही, त्याचा जोर सूर्यापासून काटकोनात असतो. पावसाळ्यात ओल्या कातळावरची, पानांवरची चमक काढायला मात्र छान, तेव्हा घे.

बाकी सेटिंग सोपी आहेत: तिपाई, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) 100, लेन्सचं छिद्र f/8 ते f/11, दोन सेकंदांचा टायमर, आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढ. एक गोम लक्षात ठेव. कॅमेरा जे दिसेल ते करडं समजतो. समोर पांढरं धुकं असेल तर तो ते मळकट करतो, तिथे एक स्टॉप वाढव, म्हणजे उजेड दुप्पट. समोर पावसात भिजलेला काळा कातळ असेल तर तो उजळ करतो, तिथे एक स्टॉप कमी कर. तुझ्या अंजनेरीच्या फोटोत कातळ राखेसारखा झालाय तो यामुळेच.

आता तुझी संध्याकाळ. ती अगदीच वाया नाही, फक्त दिशा बदल. चांदवडकडे गेलेली सातमाळा रांग बघ: सप्तशृंग, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, पुढे राजधेर, इंद्राई. ही रांग पूर्व-पश्चिम पसरली आहे, म्हणजे तिच्यावर सकाळीही ऊन आडवं पडतं आणि संध्याकाळीही. शिवाय हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे आग्रा रोडच्या बाजूने दिसणारं तिचं अंग दिवसभर उजेडात असतं. पिंपळगाव बसवंत सोडून वडाळीभोईकडे निघालं की धोडप ओळखू येतोच, त्याच्या माथ्याच्या कड्याला तोडल्यासारखी खाच आहे. तो कडा म्हणजे जमिनीच्या भेगेतून वर आलेला लाव्हा. आजूबाजूचं मऊ झिजून गेलं, हा भिंतीसारखा उभा राहिला. दुपारी साडेतीनला त्या भागात पोच आणि साडेपाचपर्यंत ती खाच बघत बस. स्कूटीवर साठ-पासष्ट किलोमीटर हायवेने जायचं नाही, भावाला गाडी काढायला लाव. कॅमेरा विकायला सांगतो तर एक दिवस ड्रायव्हर होऊ दे. वाटेत द्राक्षबागा लागतील. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आता वेली नव्या पानांवर आहेत, ओळी सरळ आणि अंगावर कोवळी हिरवी झाक. फेब्रुवारीत गेलीस तर निर्यातीचे घड कागदात गुंडाळलेले दिसतील, तोही फोटो आहे. पण बांधावरूनच, आणि बागवाल्याला विचारून. तुझ्या बुटाबरोबर दुसऱ्या बागेतला रोग त्याच्या बागेत आला तर त्याचं वर्ष जातं. विचारलंस तर बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, उलट चहा पाजतात.

उगवतीचा सूर्यच हवा असेल तर पूर्वेला जा, नांदूरमधमेश्वरला. गोदावरी आणि कादवा तिथे भेटतात. इंग्रजांच्या काळातल्या बंधाऱ्यामागे गाळ साचत गेला आणि त्या उथळ पाण्यात पक्ष्यांचं राज्य झालं. महाराष्ट्रातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ म्हणून 2020 च्या सुरुवातीला तिचं नाव जाहीर झालं. सगळे तिथे मोठ्या लेन्स घेऊन पक्ष्यांमागे असतात. तू पक्षी सोड. क्षितिज मोकळं, मध्ये डोंगर नाही, पाण्यावर धुकं, त्यात बुडालेली झाडं, पलीकडे गव्हाचे हिरवे तुकडे. निफाडचा पारा थंडीच्या बातम्यांत असतो तो उगाच नाही, स्वेटरवर जाकीट घाल. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत, गावातली मुलं गाइड म्हणून येतात, त्यामुळे आईलाही ही जागा पटेल. फक्त अंधारात स्कूटी नको. उसाच्या ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही, आणि उसात बिबट्या असतो. ही चेष्टा नाही, निफाड-सिन्नरकडे तो नित्याचा आहे. उसाच्या कडेला पहाटे वाकून तिपाई लावत बसायचं नाही.

पांडवलेणी आता. लेण्यांची तोंडं उत्तरेकडची आहेत. नोव्हेंबरात दुपारी बाराला सूर्य दक्षिणेत, म्हणजे लेण्यांच्या पाठीमागे. आत काळोख, बाहेर भगभगीत, कॅमेरा बिचारा काय करणार? तिथे ढगाळ दिवशी जा, उजेड मऊ होतो आणि खांबांवरचं कोरीवकाम दिसतं. तिपाई न्यायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून हातात धरून, आयएसओ वाढवून काढ. परतताना पायऱ्यांवर थांबून शहराकडे वळून बघ. पावसाळ्यानंतर हवा धुतलेली असते, तेव्हा उत्तरेला रामशेज किल्लाही दिसतो.

रामशेजवरून आठवलं. पावसाळ्यात तुझ्यासाठी सगळ्यात कामाची गोष्ट ही आहे की इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो आणि शहरात सातशेच्या आसपास. पन्नास किलोमीटरही अंतर नाही! त्र्यंबकला ढगात हात दिसेनासा होतो, त्याच वेळी आशेवाडीला रामशेजच्या पायथ्याशी ढग फाटून उन्हाचा एक कवडसा गडावर पडलेला असतो. पश्चिमेला काही दिसत नसेल तर चिडून घरी जाऊ नकोस, गाडी उत्तरेला नाहीतर पूर्वेला वळव. ढगाची कड जिथे संपते तिथे फोटो असतो. सप्टेंबरात तर हमखास, सोनकीच्या फुलांनी उतार पिवळे झालेले असतात.

धबधब्यांबद्दल थोडक्यात. सोमेश्वरला पाणी किती, हे गंगापूरमधून किती सोडलंय त्यावर. दुगारवाडी आणि पहिन्याकडे पावसाळ्यात एकटी जायचं नाही. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही ओढा चढतो, आणि परतीची वाट ओढ्यातूनच असते. वनखातं आणि पोलीस वेळोवेळी बंदी घालतात, ती मोडून काढलेला फोटो मला पाठवू नकोस.

हरिहरच्या पायऱ्यांचा तुझा फोटो चांगला आहे. पण त्यात एकोणीस माणसं आहेत, मी मोजली. पुढच्या वेळी चढूच नकोस. निरगुडपाड्याच्या बाजूने सकाळी लांबूनच गड घे, त्याचा तो तासलेल्या ठोकळ्यासारखा आकार पायऱ्यांवरून कधीच दिसत नाही.

कुणाला माहीत नसलेल्या जागा सांगा म्हणालीस, त्याचं खरं कारणही देऊन टाकतो. मला दोन-तीन माहीत आहेत आणि मी सांगणार नाही. अंजनेरीच्या पठारावर कंदीलपुष्पाची एक जात सापडते, तिला नावच अंजनेरीवरून मिळालंय आणि जगात ती मोजक्याच ठिकाणी आहे. बोटाएवढं फूल. एकाने जागेसकट फोटो टाकला की पुढच्या रविवारी पन्नास जण त्याच गवतात गुडघे टेकतात. तुलाही वर्षाकाठी अशी एखादी जागा आपसूक सापडेल. फोटो टाक, खाली "नाशिक" एवढंच लिही.

भाऊ ड्रोनचं सुचवायच्या आत सांगतो: देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण स्कूल, ओझरला विमानतळ आणि विमानांचा कारखाना. कुठे उडवता येतं ते सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

उरली आई. तिची काळजी चूक नाही, पहाटे साडेपाचला मीही माझ्या मुलीला एकटी सोडली नसती. तिला बरोबरच घेऊन जा ना. मागच्या सीटवर बसव, एक घडीची खुर्ची, थर्मासमध्ये चहा, शाल. तू तिपाईशी खुडबुड करत असताना ती पाण्याकडे बघत बसेल आणि तुझ्याआधी तिलाच दिसेल की माथा लाल झाला. माझ्याबरोबर पूर्वी माझा मेव्हणा यायचा. त्याला फोटोतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "अरे, तिकडे बघ" हे वेळेवर म्हणायचा.

या शनिवारी ढग नसतील तर जा. एकच फोटो पाठव, मूळ फाइल, आणि त्यातली वेळ साडेसहा ते सातच्या मधली असली पाहिजे. एवढं करूनही कॅमेरा विकायचंच ठरलं तर दुकानात नेण्याआधी मला कळव. माझा भाचा कधीचा मागे लागलाय.